एक्क्यांच्या जोडीचे पंच्याऐंशी टक्के

माझा मुलगा निनाद सुमाशी लग्न करणार, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते कुठे करणार यावर. सुमाचे वडील गुरुराव म्हणत होते मैसूरजवळचं नंजनगूड, मी म्हणत होते सातारा. आणि मी एकदा म्हटलं की म्हटलं. माझा नवरा हरिहर हे सत्तावीस वर्षं ओळखून आहे. "मी यात नाही बाई," म्हणत त्याने अंग काढून घेतलं.

साताऱ्याचं खरं कारण मी त्या घरी सांगितलं नव्हतं. साताऱ्यात माझे बाबा आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पलंगापासून दारापर्यंत चालतात, तेसुद्धा मध्ये दोनदा थांबून. मैसूरपर्यंतचा प्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला. एकुलता एक नातू, आणि त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला आजोबा नाहीत, हे मला चालणार नव्हतं. पण बाबांनी फोनवर बजावलं होतं, "माझ्या खुब्यापायी कोणाची गयावया केलीस तर बघ!" मी त्यांचीच मुलगी. गयावया मला येत नाही.

गुरुरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचं, मूळचे रंगारी. आता त्यांचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. घरात मराठी बोलतात, पण बोलता बोलता वाक्य कानडीच्या गल्लीत शिरतं. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या पुतण्याने, पवनकुमारने, अख्ख्या घराला टेक्सास होल्डेम पोकर शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की डाव पडतो, चिंचोक्यांवर.

"विहीणबाई, पत्त्यांवर ठरवू की," गुरुरावच म्हणाले. "तीन डाव. प्रत्येकाला चाळीस चिंचोके. शेवटी तुमच्याकडे चाळिसाच्या वर असले तर सातारा, नाहीतर नंजनगूड. आगबहुदा? चालेल?"

चालेल म्हणजे काय! मी विमा कंपनीत जोखमीची गणितं करते. मला पत्त्यांवर बोलावणं म्हणजे माशाला पोहायला बोलावणं.

आठवडाभर मी मैसूरमध्येच, हिनकल भागातल्या आमच्या घरी तक्ता पाठ करत बसले. खेळ सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, लपवलेली. मग मध्ये पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. पण ती पडायच्या आधीच, नुसत्या दोन पानांवर, जिंकण्याचे टक्के सांगता येतात. एक्का-राजा दिसायला राजबिंडा, पण दुर्रीची साधी जोडी त्याला निम्म्याहून जरा जास्त वेळा लोळवते. सगळ्यांत तळाला सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. आणि सगळ्यांत वर एक्क्यांची जोडी: एका माणसाविरुद्ध शंभरात पंच्याऐंशी वेळा विजय! तक्त्यात पुढे आणखी रकाने होते, समोर दोघे असतील तर, तिघे असतील तर, पाच असतील तर. ते मी वाचले नाहीत. मोठा ढीग एकदम पुढे सरकवला की शहाणी माणसं पत्ते टाकून देतात, उरतो एखादाच. हे कोणीही सांगेल.

रविवारी आधी जेवण झालं. माझं ताक पिऊन झालं आणि ऑफिसच्या सवयीने मी उठायला लागले, तर गुरुरावांच्या आईंनी, गंगाबाईंनी, माझा पदरच धरला. "अय्यो, बस की गं! आमच्यात सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठत नाही. घरवाल्याचा अपमान होतो." पवनकुमार तेव्हा तिसऱ्यांदा भात घेत होता. मी बसले.

मग डाव. मी, गुरुराव, त्यांची बायको तुंगाबाई, गंगाबाई, पवनकुमार आणि सुमा. पत्ते वाटायला निनाद, म्हणजे कोणाची तक्रार नको.

प्रत्येक डावात आधी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. पहिल्या दोन्ही डावांत मला रद्दी पानं आली, मी तक्त्याप्रमाणे पत्ते टाकून दिले. दोन्ही वेळा तुंगाबाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, दातात सुपारी अडकली असेल. बाकीचे सगळे मात्र शेवटपर्यंत थांबत होते. एकेका चिंचोक्यासाठी कोण पळणार, असा मी विचार केला.

तिसऱ्या डावात मी पानं उचलली. इस्पिक एक्का. बदाम एक्का.

डोळ्यांसमोर बाबा आले, झब्बा घालून खुर्चीत बसलेले, मुठीत अक्षता. मी माझे उरलेले सदतीसच्या सदतीस चिंचोके पुढे ढकलले.

"आई," निनाद हळूच म्हणाला, "इथे ना कोणी..."

"तू पत्ते वाट. मध्ये तोंड घालू नकोस."

गुरुरावांनी मिशीवर बोट फिरवलं आणि आपला ढीग सरकवला. ठीक, हा तो एक. पंच्याऐंशी टक्के! मग तुंगाबाईंनी सरकवला. "विहीणबाईंनी एवढं मांडलंय, तर आम्ही कसं उठायचं?" मग पवनकुमारने. मग सुमाने, माझ्याकडे बघून लाजत. आणि गंगाबाईंनी पानं नीट न बघताच दोन्ही हातांनी ढीग लोटला.

"अहो, पण टाका ना पत्ते! चांगली नसतील तर टाका!" मी जवळजवळ ओरडलेच.

"छे छे," गुरुराव म्हणाले. "डाव पण पंगतच की. मध्येच उठणं बरं दिसतं का?"

मी मेजाखाली फोनवर तक्ता उघडला. समोर पाच जण: एकोणपन्नास टक्के. माझे पंच्याऐंशी टक्के या लोकांच्या सौजन्याने निम्म्याच्या खाली आले होते! जोखीम मोजून पगार घेणारी बाई मी, आणि समोर किती माणसं बसलीयत एवढंच मोजायला विसरले.

निनादने मधली पानं उघडली. राजा, नव्वी, सत्ती. मग चव्वी. माझे एक्के अजून पुढे होते. मी देवाचं नाव घेतलं. शेवटचं पान पडलं, दुर्री.

"ही काय जोडी-जोडी असते ती झाली का रे?" म्हणत गंगाबाईंनी आपली पानं खाली ठेवली. सत्ती आणि दुर्री. तक्त्याचा तळ! दोन जोड्या. माझी एकच.

टाळ्या, आरडाओरडा. आणि मी? मी सगळ्यांसमोर हमसून रडायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई, चिंचोक्यांसाठी! मला थांबवेनाच. मग सगळंच बाहेर पडलं. खुबा, डॉक्टर, अक्षता, सगळं.

गंगाबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर चक्क टपली मारली.

"येडी कुठली! पत्ते लपवायचे असतात, बाप लपवतात का? लग्न साताऱ्याला."

"नाही," मी नाक पुसत म्हटलं. "मी हरलेय. कोणाची दया नको."

"दया कोण करतंय? जिंकलं कोण? मी. मग गाव कोण ठरवणार? गुरू, तू बोल काही, बघू."

"मी कशाला बोलू, अम्मा?" गुरुराव म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "हे आधी सांगितलं असतं विहीणबाईंनी, तर मी पत्तेच काढले नसते."

माझं डोकं मात्र हिशोबातून सुटेना. "तुमची माणसं तीनशे. एवढ्या लांब तिसरा हिस्सा जरी आला तरी पुष्कळ. तर मी शंभरांचा हॉल..."

सगळं घर हसायला लागलं. पवनकुमार तर पोट धरून.

"विहीणबाई," तुंगाबाई म्हणाल्या, "आत्ताच बघितलंत ना? आमच्यात कोण उठलं?"

मी तिथूनच बाबांना फोन लावला.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "गयावया केलीस का?"

"नाही, बाबा. एक्क्यांची जोडी घेऊन हरले."

"मग?"

"मग काय! सहा बस करून सगळे तुमच्याकडे येतायत."