ओसाडगावची राखण

महिपत सुर्वे जन्मभर मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये घामाघूम होत राहिला आणि निवृत्त होऊन कोकणातल्या काळबादेवी गावी घरी येऊन बसल्यावर त्याला नाद लागला तो पत्त्यांचा नाही, भजनाचाही नाही, तर चक्क व्हिडिओ गेमचा. गावात कोणी चौकशी केली की त्याची बायको दमयंती सांगायची, "टीव्हीवर गाव वसवतायत." आणि ते काही खोटं नव्हतं.

गेम आणला होता लेकीने. वेदिका घरूनच मुंबईच्या एका कंपनीचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी मराठीतून गेमची परीक्षणं करून यूट्यूबवर टाकायची. या गेमचं इंग्रजी नाव वीतभर लांब होतं. महायुद्धात जग जळून गेलंय, शहरं ओस पडलीत आणि उरल्यासुरल्या माणसांतला एक होऊन आपण त्या अफाट मुलखात हवं तिथं फिरायचं, असा एकूण मामला. दमयंतीने पहिल्याच दिवशी त्याला 'ओसाडगाव' म्हटलं आणि घरात तेच नाव रुजलं.

वेदिकाचं मत झटपट झालं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. माणसं चालता चालता भिंतीत घुसायची. भेटेल तो एकच काम सांगायचा, अमक्या ठिकाणी जा आणि तमकं घेऊन ये. एकदा तर एक गाय छपरावर उभी राहून निवांत रवंथ करत होती. महिपतची तक्रार मात्र वेगळी होती.

"ह्या समुद्राला भरती-ओहोटीच नाय," तो म्हणाला. "हा कसला समुद्र? ही तर भरून ठेवलेली टाकी."

तक्रार करत करतच तो त्यात अडकला. जगभर फिरून आलेला माणूस, पण जग पाहिलं किती? बंदर लागलं की घटकाभर खाली उतरायचं आणि पुन्हा यंत्रांच्या पोटात शिरायचं. इथं लांबवर डोंगर दिसला की सरळ चालत जाता यायचं. वर पोचलं की पलीकडे आणखी एक दरी असायची. कोणी भोंगा वाजवून परत बोलवत नव्हतं. या एका गोष्टीसाठी त्याने छपरावरच्या गायीला माफ करून टाकलं.

एकदा तो ओसाडगावातल्या एका पडक्या कारखान्यात शिरत होता. दमयंती बाजूला कोळंबी सोलत बसली होती. ती म्हणाली, "अवो, सरळ घुसताय कुटं? राखणदाराला काय ठेवलंत?"

जमीन कागदोपत्री कोणाचीही असो, तिचा एक न दिसणारा धनी असतो, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. विहीर खणा, कलम लावा, आधी राखणदाराचा मान. महिपत हसला आणि तसाच पुढं गेला. दुसऱ्याच पावलाला सुरुंग फुटून तो मेला.

त्यानंतर मात्र राखणदाराचा मान चुकवायची त्याची टाप नव्हती. नवी जागा आली की उंबऱ्याशी थांबायचा, झोळीतला मासळीचा डबा काढून जमिनीवर ठेवायचा आणि पुटपुटायचा, "बा राखणदारा, ह्या जाग्याचा जो कोण धनी असशील तो, लेकरू नवीन हाय, सांभाळून घे रे म्हाराजा." स्वयंपाकघरातून दमयंती साथ द्यायची, "व्हय म्हाराजा." वेदिका कपाळाला हात लावायची, पण हसू काही तिला आवरायचं नाही.

असं करत महिपतने एका खाडीच्या तोंडाशी आपला गाव वसवला. भोवती तांबड्या दगडाचा गडगा घातला, भाजी लावली, भटकी माणसं गोळा केली आणि टेकाडावर दिवा असलेला एक मनोरा उभारला. दिवा होता नोरासाठी. नोरा म्हणजे गेममधली एक फिरती व्यापारीण. ती माल घेऊन दक्षिणेला जायची आणि कधीतरी परतायची. कधी, त्याचा नेम नसायचा. वाटेत लुटारू होते, विषारी धुकं होतं. ती गेली की महिपत रोज मनोऱ्यावर चढून दिवा लावायचा. परतली की ती न चुकता एकच वाक्य बोलायची, "आले मी. काही खायला आहे का?" वेदिकाने परीक्षणात लिहून ठेवलं होतं की पात्रांचे संवाद मोजके आणि कंटाळवाणे आहेत.

आणि एका रविवारी गाव उघडेनासा झाला. महिपत औषधं शोधायला बाहेर पडला होता. परत येताना गडगा दिसू लागला आणि चित्र जागच्या जागी थिजलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थिजलं. बाकी सगळा मुलूख ठीक होता, फक्त गावाजवळ जाता येत नव्हतं. नोरा तेव्हा दक्षिणेला गेलेली होती.

माशी कुठं शिंकली ते वेदिकाने इंटरनेटवर शोधून काढलं आणि बापासमोर येऊन बसली.

"बाबा, हा गेम काही विसरतच नाही. आपण जमिनीवर टाकलेली प्रत्येक वस्तू तो कायम लक्षात ठेवतो. बनवणाऱ्यांची चूक आहे ती. बाकीचे लोक इतकं काही टाकत नाहीत. तुम्ही मात्र साऱ्या मुलखात डबे मांडून ठेवलेत. त्या ओझ्याने तो दमलाय. गावात वस्तू जास्त, म्हणून तिथं पोचलं की कोसळतो."

"मग?"

"ते सगळे डबे उचलायचे. ओझं कमी झालं की गाव उघडेल."

महिपतने मान हलवली. "राखणदाराला दिलेलं परत घ्यायचं? नाय जमणार."

"बाबा, तो गेम आहे."

"तां मला म्हायत हाय. पण तोंडाने बोललो तां मी खरंच बोललो."

वेदिकाने हात टेकले. तिने दुसरा उपाय सुचवला, सगळं पुसून नव्याने सुरू करायचं. नोरा काय, पुन्हा भेटेल.

"भेटंल. पण ती मला वळखणार नाय," महिपत म्हणाला आणि उठून पडवीत जाऊन बसला.

त्याचं मन कशात लागेना. आपण गडग्याबाहेर अडकलोय, मनोऱ्यावर दिवा नाही आणि ती बाई परत येऊन अंधारात वाट चुकतेय, हेच त्याच्या डोळ्यांपुढं येत राही. निव्वळ चित्रातली बाई, हे कळत होतं. कळून जिवाची घालमेल काही थांबत नव्हती. चहा पुढ्यात निवून गेला तेव्हा दमयंतीला राहवलं नाही.

"राखणदाराला दिलेल्या राखणीच्या कोंबड्याचं आपण काय करतो?" तिने विचारलं.

"काय करतो म्हंजे? तिथंच शिजवतो."

"नि?"

"तिथंच खातो. घरी आणायचा नसतो."

"मग खावा की. उचलायचं कोण सांगतंय तुमाला? जिथं ठेवलाय तिथंच बसून खावा. राखणदाराचा मान कधीच पोचला."

महिपत चप्पल तिथंच टाकून आत धावला.

मोहीम सोपी नव्हती. त्या जगातलं अन्न किरणांनी बाधलेलं. दोन डबे खाल्ले की माणूस हिरवा पडायचा, पाय ओढत चालायचा, भडभडून ओकायचा. महिपत खायचा, डबा नाहीसा व्हायचा, मग औषध घ्यायचा, पुढच्या उंबऱ्याला जायचा. "जरा दमानं," दमयंती म्हणायची, जणू त्याच्याच पोटात कळ येणार होती. वेदिका सुरुवातीला परीक्षणासाठी चित्रण करत बसली होती. मग ती नुसतीच बघू लागली. तिने मुख्य कथा धावत पळत संपवली होती आणि जग रिकामं आहे असा शेरा मारला होता. बापाला मात्र प्रत्येक उंबरा पाठ होता. ह्या शाळेत फळ्यावर कोणीतरी अर्धी बेरीज ठेवलीय. ह्या पेट्रोल पंपामागे जंगली करवंदांसारखी फळं लागतात. ह्या पुलावरून पाऊस लांबून येताना दिसतो.

"हे मला दिसलंच नव्हतं," वेदिका म्हणाली.

"तू थांबलीस कुटं? राखण ठेवायची म्हंजे थांबायला लागतं."

शेवटचा डबा संपला तेव्हा पडद्यावरचा महिपत काठीला टेकून कसाबसा उभा होता. खरा महिपत श्वास रोखून गडग्याच्या दिशेने निघाला. चित्र अडखळलं, तुटक झालं आणि पुन्हा चालू लागलं. फाटक उघडलं. भाजीचे वाफे तसेच होते. मनोरा तसाच होता. आणि फाटकाच्या आत, एक खांदा भिंतीत घुसलेला, अशी नोरा उभी होती. महिपतकडे वळून ती म्हणाली, "आले मी. काही खायला आहे का?"

महिपतचे डोळे भरून आले. लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"बघा, पुन्हा तेच वाक्य," वेदिका हळूच म्हणाली. "एवढा मोठा गेम, आणि तिला दुसरं बोलायला शिकवलं नाही."

"दुसरं काय बोलणार? मी बोटीवरनं यायचो तेवा हेच बोलायचो."

"व्हय," दमयंती म्हणाली. "दर खेपेला. बॅगही खाली ठेवायचे नाय."

महिपतने हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत कधी सुचला नव्हता तो प्रश्न आज त्याच्या तोंडी आला. "पण गो, मी यायचो कधी तां मलाच ठाऊक नसायचं. आज मुंबईला उतरलो तरी चार दिस तिथंच अडकलेला. तरी तुझ्याकडं भात तयारच कसा असायचा?"

"तुमची बोट परतीला निघाल्याचं कळलं की रोज एका माणसाचा जास्तीचा टाकायची."

"नि मी आलो नाय, तर?"

"तर काय? सकाळी तो शिळा मीच खायची."

पडद्यावर नोरा खांदा भिंतीतून सुटायची वाट बघत उभी होती. महिपत उठला, स्वयंपाकघरात गेला आणि त्याने टोपावरचं झाकण उचललं. आत रात्रीचा भात होता. भात ताटलीत घेऊन तो तिथंच, चुलीशेजारी पाटावर बसला.

"अवो, ताजा करते ना," दमयंती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," महिपत म्हणाला. "हा माझा हाय."