हिरव्या केबिनची नाव

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये पेक मास्तरांची जलरंगातली चित्रं मांडली होती. बाजारातून मुळे घेऊन परतताना पिलरे सहज आत शिरली आणि एका चित्रापाशी थबकली. शेजारच्या दुमिगे गावाचं बंदर. निवांत पाणी, धक्क्याला लागलेल्या नावा. त्यातली हिरव्या केबिनची नाव तिच्या नवऱ्याची, दोक-छिलची होती. सुकाणूपाशी पिवळा रुमाल बांधलेली तरणी बाई बसली होती.

दोक-छिल तर म्हणायचा, मी एकटाच बेटामागे मासे धरायला जातो.

“मास्तर, ही बाई मनानं घातलीत ना?” तिनं तिथंच उभ्या असलेल्या मास्तरांना विचारलं.

“मला मनानं काही जमत नाही, बाई. दिसलं ते काढलं. नेहमी असते ती तिथं.”

संध्याकाळी पिलरेनं नवऱ्याचं जाकीट हुंगलं. डिझेल आणि बांगडे, दुसरं काही नाही. तेवढ्यानं तिचं समाधान होईना.

“आज कुठं मिळाली मासळी?”

“बेटामागं. आणखी कुठं मिळणार?” त्यानं सूपच्या वाडग्यातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बसनं दुमिगेला गेली. नाव तिथंच होती, पिवळा रुमालही. दोक-छिल जाळं झटकत होता.

“वा! बेट बरंच जवळ आलंय की!” ती धक्क्यावरून ओरडली.

त्याचा चेहरा उतरला. रुमालवाली उठून उभी राहिली. “काकी, मी हे-जोंग, इथलीच. चिडू नका. काकांना काचबिंदू झालाय. बाजूचं दिसत नाही. घरापासून इथवरचं पाणी त्यांच्या सवयीचं आहे, पुढं सुकाणू मी धरते.”

“हिला सांगितलंत, आणि मला नाही?”

“तू नाव विकायला लावली असतीस,” तो पुटपुटला.

“लावली असतीच!”

परतताना ती नावेतच बसली. बंदराच्या तोंडाशी पाण्यावर तरंगणारा लाल बोया आला. त्याला तो दिसला की नाही, हे तिला कळेना. “डावीकडं घ्या,” ती म्हणाली. त्यानं मुकाट्यानं घेतलं.

बंदर मागं पडल्यावर तिनं विचारलं, “माझं तोंड तरी दिसतं का नीट?”

“दिसतं की. फुगलंय.”

त्यानं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.