निशाणाची जागा

अंबाकाकूंचा फोन आला तेव्हा मी मंचरला डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंट तपासत होते.

"हर्षाली, तुझे चुलते दोन दिवस धड जेवले न्हाईत. कमिटी त्यांचा सत्कार करणार हाय."

"चांगलंच आहे की, काकू."

"काय चांगलं? शाल-नारळ दिला म्हंजे निशाण काढून घेतलं. एवढं बी कळत न्हाई व्हय तुला?"

कुशानाना आमच्या बोरीच्या घाटात बैलगाड्यांचं निशाण टाकतात. बंदीची वर्षं वजा केली तरी चोवीस यात्रा झाल्या. खालून गाडा सुटला की घड्याळ सुरू होतं. घाटाच्या वरच्या टोकाला चुन्याची रेघ असते. पुढच्या बैलांचे पाय रेघेला लागले की नानांचं निशाण खाली येतं आणि घड्याळ थांबतं. गाडे अकरा-बारा सेकंदांत घाट चढतात आणि दोन गाड्यांत फरक पडतो तो सेकंदाच्या काही शतांशांचा. नानांनी एका वेळचं जेवण कधी चुकवलेलं मला आठवत नाही, आणि निशाणही.

रविवारी सकाळी मी पोचले, तर ओट्यावर कमिटीचा संपत आधीच बसला होता. वयानं माझ्याएवढाच, शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, तूच बघ. सरावाला तीन गाडे पळवले. दोनदा निशाण उशिरा पडलं आणि एकदा बैल यायच्या आधीच. मी काय नानांचा वैरी हाय का? पण गाडामालक मला सोडतील का?"

"माज्यासमोर रेघ नाचत व्हती," नाना आतून म्हणाले. "चुना नीट टाकला नसंल."

"चुना मीच टाकलाय, नाना. दोरी धरून."

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी बैल सोडून मागचा मांडव पाहिला. "हा मांडव इथे कसा? इथे तर नाना उभे राहायचे ना?"

"पावण्यांना सावली नको का? म्हणून नानांना समोरच्या बाजूला घेतलं. रेघ तीच, निशाण तेच. बाजू बदलल्यानं काय व्हतंय?"

मी बॅगेतून छोटी बॅटरी आणि पेन काढलं, नानांना खुर्चीत बसवलं आणि डोकं सरळ ठेवायला सांगितलं.

"नाना, नुसतं पेनाच्या टोकाकडे बघायचं. मान हलवायची नाही."

एका जागी नजर रोखणं सोपं वाटतं, पण निरोगी डोळेही सतत अगदी बारीक हलतात आणि मेंदू त्यांना पुन्हा जागेवर आणत असतो. ते सांभाळणं कुठे सैल पडलं आहे हे बघायचं, तर माणसाला समोर, उजवीकडे, डावीकडे बघायला लावायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबून मोजायचं. पेन फार कडेला मात्र न्यायचं नाही, तिथे कुणाचेही डोळे थोडे थरथरतात.

नानांचे डोळे समोर बघताना हलत होते. हळूच एका बाजूला सरकायचे आणि झटक्यानं परत यायचे. पेन उजवीकडे नेलं तसा झटका वाढला. मग मी पेन डावीकडे नेऊ लागले. थरथर कमी होत गेली आणि एका जागी थांबलीच. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. डोळे हलले नाहीत.

"काकू, यांचे डोळे असे कधीपासून हलतात?"

"सासूबाई सांगायच्या, पाळण्यात व्हते तवापासनं. का गं?"

मला हायसं वाटलं. हे नव्यानं सुरू झालं असतं, तर मी नानांना त्याच दिवशी पुण्याला नेलं असतं. जन्मापासूनच्या अशा डोळ्यांना बहुतेक वेळा एक शांत कोन असतो. तो कुणी शिकवत नाही, माणूस आपोआप मान वळवून तिथे जातो. संपतच्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवून मी मोजलं. पंचवीस अंश, डावीकडे. मग अंगणापलीकडच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मान सरळ ठेवून नाना चौथ्या ओळीवर अडकले. मान उजवीकडे वळवून डोळे डावीकडे ठेवले, तेव्हा आणखी दोन ओळी वाचून गेले.

संपतनं डोकं खाजवलं. "म्हंजे?"

"नाना चढून येणाऱ्या बैलांकडे तोंड करून उभे राहतात. जुन्या जागी रेघ डाव्या हाताला यायची, तिथे त्यांची नजर ठरते. तुम्ही बाजू बदलली आणि रेघ उजव्या हाताला गेली. आता नजर ठरायला तोंड बैलांवरून पार उजवीकडे वळवावं लागेल. चोवीस वर्षं ते बरोबर जागी उभे होते, एवढंच."

"मग नव्या जागीच पाठमोरं उभं राहा की, नाना. रेघ येती डावीकडं."

"बैलांकडं पाठ करून?" नाना खुर्चीतून उठलेच. "त्यापेक्षा शाल घाल माज्या अंगावर!"

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं बया. लग्न झाल्यापासनं हा माणूस माज्याकडं तिरकाच बघतोय. मला वाटायचं, लई रुबाब हाय ह्याला."

"तिरकं बघतात तेव्हाच तुम्ही त्यांना स्थिर दिसता, काकू."

नानांनी टोपी उगाचच काढून पुन्हा घातली.

संपत तसा पटकन मानणारा नाही, आणि तेच बरोबर होतं. तो म्हणाला, तीन गाडे पुन्हा पळवू, नाना जुन्या जागी. एक जरी चुकला तर सत्कार. दुपारी मांडवाचे चार खांब सोडून बाजूला केले. संपत रेघेच्या समोर मोबाइल घेऊन पालथा झोपला. नाना बैलांकडे तोंड करून उभे राहिले, मान सरळ, डोळे तेवढे डावीकडे, रेघेवर. इतकी वर्षं मी हे पाहत आले होते आणि ती नानांची ऐट समजत होते.

पहिला गाडा आला, निशाण पडलं. दुसरा आला, पडलं. तिसऱ्याला बैलांपुढे वाट दाखवत पळणारी घोडी मध्येच बिचकली, धुरळा उडाला. निशाण पडलं.

संपतनं व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेला. बैलाचा खूर चुन्यावर आणि निशाणाचं कापड खाली, एकाच चित्रात. तिन्ही वेळा.

"पावणं उन्हात बसतील," तो कपडे झटकत म्हणाला. "पण नाना, शाल आणून ठिवलीय. तिचं काय करू?"

"घोडीला घाल. धुरळ्यात बी सरळ आली बिचारी."

रात्री जेवायला बसलो. काकूंनी आपलं ताट मुद्दाम नानांच्या उजव्या हाताला मांडलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. नानांनी एक घास खाल्ला. मग आपलं ताट उचललं, काकू डाव्या हाताला येतील असे त्यांच्या पलीकडे जाऊन बसले आणि शांतपणे म्हणाले,

"आता वाढ भाकर."