पहिली वेलांटी

आमच्या शहराचा मुख्य चौक बघून जो माणूस थांबत नाही, त्याच्या डोळ्यांत नाहीतर डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी दगडावर अक्षरं कोरते, तेव्हा मत द्यायचा मला अधिकारही आहे. मंडईच्या कमानींवर ओझी उचलणारे हमाल कोरलेत. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा असेल तर शपथ! आणि मधोमध कारंजं. नदीनं पात्र बदललं तेव्हा लोकांनी स्वतः खणून कालवा आणला, त्याची ती आठवण. काळ्या खांबाला खालपासून वरपर्यंत ब्रॉन्झचे बावीस हात, एकानं दुसऱ्याच्या ओंजळीत पाणी द्यावं तसे. घाईत असलेल्याचाही तिथे पाय निघत नाही.

खाली जोत्यावर वीतभर उंचीची अक्षरं आहेत: ‘हे पाणि सर्वांचे’.

होय, पहिली वेलांटी. पाण्याला दुसरी लागते हे शेंबडं पोरही सांगेल. ती अक्षरं माझ्या बाबांनी कोरलीत.

उद्घाटनाच्या दिवशी आधी शाळेचे मुख्याध्यापक हसले, मग सगळा चौक हसला. बाबांचं नावच ‘पहिली वेलांटी’ पडलं. त्यानंतर अडतीस वर्षं त्यांनी चौकात पाऊल टाकलं नाही. कुठेही जायचं तर मागच्या बोळांतून वळसा घालून. शाळेत या नावापायी मी दोघींच्या झिंज्या उपटल्या होत्या, आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही.

यंदा चौकाची डागडुजी निघाली. कामावरच्या इंजिनियरबाईंनी मला बोलावून सांगितलं, “ती वेलांटी बुजवायची आणि दुसरी कोरायची. कराल ना?”

घरी सांगितलं तर बाबांचे डोळे भरून आले.

“कर गं बाई. माझे डोळे मिटायच्या आत कर. एकदा ताठ मानेनं त्या चौकातून चालायचंय मला.”

“पण झालं कसं, बाबा?”

“कसं म्हणजे? चुकलो. छिन्नी माझी, चूक माझी.”

दुसऱ्या दिवशी छिन्नीला धार लावून मी जोत्यापाशी बसले. अक्षराचं मूळ माप हवं होतं, म्हणून इंजिनियरबाईंनी कचेरीतून कारंज्याचा जुना नकाशा काढून आणला. कागद उलगडला आणि मी बघतच राहिले. खांब तोच, जोतं तेच. पण हात एकही नाही. एकावर एक रचलेले हंडे!

कडेला हे कारंजं घडवणाऱ्या शिल्पकारबाईंच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘अक्षरे कोरून झाली. कारागिराने पहिली वेलांटी दिली आहे. दगड बदलू नये. पाणि म्हणजे हात. कालवा हातांनीच आणला, हे मला सुचायला हवे होते. हंडे रद्द.’

या बाई उद्घाटनाआधीच दुसऱ्या शहरात कामाला निघून गेल्या होत्या. त्यांचा कागद गठ्ठ्यात बांधला गेला आणि इकडे बाबांचं हसं झालं. मला रडू आलं, आणि संतापही आला. मी छिन्नी तिथेच टाकली आणि घरी पळाले.

बाबांना अक्षरशः ओढत आणलं. वाटभर ते कुरकुरत होते. चौकात आल्यावर त्यांनी मान खाली घातली ती घातलीच. मी नकाशा समोर धरला. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत दोनदा वाचलं. मग हळूच मान वर केली आणि खांबाच्या टोकापर्यंत बघत राहिले.

“हे हात मी आज बघतोय,” ते म्हणाले. “त्या दिवशी मान वर करायची हिंमतच झाली नाही.”

इंजिनियरबाई म्हणाल्या, “काका, मग ती वेलांटी?”

“हात लावाल तर याद राखा!”

बाई खो खो हसल्या. बाबाही हसले.

ऊन चढलं तशी मी त्यांना घरी न्यायला निघाले आणि सवयीनं बोळाकडे वळले.

“तिकडून कशाला?” बाबा म्हणाले. “रस्ता सरळ आहे की.”