खडूनं लिहिलेलं खरड

तेल कंपनीचे ढिल्लोंसाहेब विहिरीच्या तोंडाशी नुसते खाकरले तरी तेल घाबरून आपणहून वर येतं, असं त्यांचा ड्रायव्हर अख्ख्या चंदीगडला सांगत फिरे. मग कंपनी नळ्या कशाला खरडत बसते, असं इंद्रायणीनं एकदा त्याला विचारलं. ते साहेबांच्या कानी गेलं, आणि तेव्हापासून ती साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागली.

गोष्ट साधी होती. तेलाच्या विहिरीत खोल सोडलेल्या नळीत क्षार साचतात, गीझरच्या कॉइलवर साचतात तसेच. मनगट जाईल अशा नळीत मग करंगळी शिरत नाही. कंपनी एकतर तेजाब ओते, नाहीतर लोखंडानं खरडे. विद्यापीठात फिजिक्स शिकवणारी इंद्रायणी एकदा दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून पडली असताना तिच्या डोक्यात आलं, की कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं दातांचं किटण निघतं, तर नळीचं का नाही? तिनं एक लांब पोलादी सोटा बनवला. पाण्यात सोडून सुरू केला की तो असा थरथरे, की बारीक बुडबुडे उठून फुटत आणि क्षाराला तडे जात.

"गाना सुनाकर पाइप साफ करेंगी, मॅडमजी?" साहेब हसले होते. "एक बार देखूँगा. नहीं हुआ, तो मशीन कबाड़ में. पक्का!"

"गाना नहीं साहब, डाँट है. दाँतों का मैल भी इसी से निकलता है. आपको सुनाई नहीं देगी, खार को देगी."

साहेबांनी खऱ्या विहिरीतला गच्च तुंबलेला नळीचा तुकडा धाडला. एकच. प्रयोग व्हायचा होता खरडच्या एका कॉलेजात, कारण उंच छपराचं वर्कशॉप तिथंच होतं. म्हणून इंद्रायणीनं नळीवर खडूनं ठळक लिहिलं, 'खरड', आणि ती स्टोअरवाल्या जगदाळेकाकांच्या हवाली केली. काका साताऱ्याचे निवृत्त हवालदार. मुलाची बदली चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली म्हणून नुकतेच इकडं आलेले, आणि लेखी हुकुमापुढं देवालाही न जुमानणारे.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी ती स्टोअरमध्ये पोचली, तर काका नळीशेजारी छिन्नी घेऊन बसलेले. तळहात सोललेले, मिशा क्षारानं पांढऱ्या.

"काका! हे काय केलंत?"

"हुकूम हुता न्हवं, म्याडम? खरड. काल दिवसभर खरडतोय."

"अहो, खरड हे गाव आहे! मोहालीच्या पलीकडे!"

काका अटेन्शनमध्ये उभे राहिले. "गावाला खरड म्हंत्यात व्हय? उद्या 'पूस' नावाचं शहर काढतील, आन् मी फडकं घिऊन जाईन!"

इंद्रायणी मटकन स्टुलावर बसली. दुसरी नळी मागणं म्हणजे साहेबांच्या हाती आयतं कोलीत देणं. यंत्र भंगारात जाणार, हे जवळपास ठरलंच. तिनं सवयीनं टॉर्च घेऊन नळीत डोकावलं. दोन्ही टोकं हातभर साफ, पण आत पोलादावर ओरखडेच ओरखडे. आणि मध्ये सगळा क्षार जसाच्या तसा.

"मधलं का सोडलंत?"

"सोडलं न्हाई. पोचलोच न्हाई."

ती उठली. "मग उचला. अश्शीच न्यायची."

खरडला साहेबांनी नळी पाहिली आणि ओरडलेच, "ये तो किसीने खुरच दिया है! चीटिंग!"

"जी हाँ. आप ही के तरीके से," इंद्रायणी म्हणाली. "एक फौजी, पूरा दिन, दोनों हाथ छिले हुए. और ये देखिए खरोंचें. अब बीच का हिस्सा मेरा."

नळी उभी केली, तळाला बूच मारलं, पाणी भरलं, सोटा सोडला. बटण दाबलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. साहेब घड्याळ बघू लागले, तेवढ्यात खरडची यच्चयावत कुत्री फाटकाशी येऊन सुरात रडू लागली. पार चंदीगडपलीकडच्या मनीमाजऱ्याचीही निघाली होती म्हणतात, पण वाटेत बस चुकली. नळीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. बूच काढताच क्षाराचे खपले बादलीत खडखडले. वरून टॉर्च मारला, तर उजेड थेट तळाशी पडला. मधल्या भागावर एक ओरखडा नव्हता.

साहेबांनी बराच वेळ आत डोळा लावला. मग जिभेनं स्वतःचे दात चाचपले.

"चलो, गुजरात में एक कुआँ देता हूँ. लेकिन पहले तेजाब, फिर आपकी मशीन."

"फिर कहेंगे तेजाब का कमाल था. नहीं साहब. मशीन अकेली जाएगी, नहीं तो नहीं जाएगी."

आणि तिनं सोट्याची वायर गुंडाळायला घेतली.

"बड़ी ज़िद्दी हो," साहेब शेवटी म्हणाले. "अकेली ही सही."

यंत्राची पेटी बंद झाली. काकांनी खडू उचलला. "गुजरातच्या गावाचं नाव सांगा, म्याडम. आता नीट इचारूनच लिवतो."

"कडी," इंद्रायणी म्हणाली.

काकांचा हात हवेतच थांबला. "लावायची, का काढायची?"

"काढायची, काका," ती म्हणाली. "आता काढायचीच!"