बाप दोनदा, न्याय एकदाही नाही

मी एक पुस्तक बोलतोय. पातळ आहे, पण कुणापुढे वाकत नाही. देव कसा आहे हे साध्या माणसाला साध्या शब्दांत कळावे, एवढ्यासाठी मला लिहिले गेले. माझ्यात अवघड शब्द नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांच्यासाठी जाडी पुस्तके पुष्कळ आहेत.

माझा जन्म एका बाइंडरच्या खोलीत झाला. लांब टेबलावर छापलेल्या, घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असत. एका गठ्ठ्यात एक प्रकरण. टेबलाभोवती चालायचे, प्रत्येक गठ्ठ्यातून एक घडी उचलायची, फेरी संपली की एक पुस्तक झाले. हे काम बाइंडरची बायको आणि बहीण करीत. नणंद आणि भावजय.

त्या दिवशी दोघींचा अबोला होता. कशावरून, ते मला माहीत नाही. मी तेव्हा सुट्टा होतो.

माझ्या फेरीला नणंद होती. 'देव बाप आहे' या गठ्ठ्यातून तिने घडी उचलली. पुढचा गठ्ठा 'देव न्यायी आहे'. तो संपला होता. उरलेल्या घड्या भावजयीच्या पायाशी बांधून ठेवलेल्या होत्या. "वहिनी, न्याय संपला, दे जरा," एवढेच म्हणायचे होते. पण आधी बोलायचे कुणी? नणंदेने हात मागे नेला, 'बाप' आणखी एकदा उचलला आणि फेरी पुरी केली. असा मी झालो. माझ्यात बाप दोनदा आहे. न्याय एकदाही नाही.

संध्याकाळी शेवटच्या पुस्तकाला बाप कमी पडला आणि न्याय एक जास्त झाला. भावजयीने पाहिले, ओठ मिटले आणि उरलेला न्याय बापाच्या जागी खुपसला. तो माझा भाऊ. त्याच्यात न्याय दोनदा आहे. बाप नाही. आम्हाला पाठीला पाठ लावून बांधले. पहिल्याच मुक्कामी गठ्ठा सुटला आणि तो दुसऱ्या खोक्यात गेला.

मी एका चर्चच्या दारापाशी पुस्तकांच्या टेबलावर आलो. टेबल सांभाळणाऱ्या बाई हसऱ्या होत्या. लोक मला उचलीत, मागचे पान वाचीत आणि म्हणत, "छान आहे, पुढच्या वेळी घेऊ." माणसांची पुढची वेळ फार लांब असते.

मग एक म्हातारा आला. तराजू दुरुस्त करणारा. सगळे त्याला काटेवाले म्हणत. त्याने अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले. बोट 'देव न्यायी आहे' यावर थांबले.

"हे द्या," तो म्हणाला.

"वाचून बघा तरी, काका."

"बघायचं ते बघितलं."

त्याला न्याय कशाला हवा होता ते मला त्याच्या घरी कळले. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असते. त्यात शिसे ओतून वजन बरोबर करतात आणि वरून शिक्का मारतात. काटेवाल्याच्या शिक्क्याला बाजारात मान होता. त्याच्या एकुलत्या एक मुलाने एका दुकानदाराच्या नादी लागून वजनांतले शिसे उकरले आणि वर बापाचा शिक्का मारला. बापाने ते पकडले. वजने पुन्हा भरली, दुकानदाराला चार लोकांत उभे केले आणि मुलाला घराबाहेर काढले. मुलगा आता एका गोदामात पोती उचलीत होता. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटच्या प्रार्थनेआधी उठून जाई. बाप पुढच्या बाकावर बसे. मागे वळून बघत नसे.

"आज त्याचा शर्ट फाटलेला होता," काटेवाल्याची बायको म्हणाली.

"कुणाचा?"

"अहो, कुणाचा काय विचारता! शेजाऱ्यांच्या शर्टाची काळजी करीत बसेन का मी? येऊ द्या की त्याला घरी."

"न्याय म्हणून काही असतो. थांब, पुस्तकच आणलंय. देवाचं काय म्हणणं आहे तेच वाचून दाखवतो."

त्याने चष्मा लावला आणि मला उघडले. न्यायाच्या जागी बाप निघाला. त्याने पाने मागे केली. तिथेही बाप. पुढे केली. पुन्हा बाप. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या रविवारी त्याने मला टेबलावर आपटले.

"बाई, माल खोटा आहे."

"अगबाई! फाटलंय का?"

"न्याय गायब आहे. त्याच्या जागी बापच परत आलाय."

बाईंनी पाने चाळली आणि त्यांनाही हसू आवरेना. "बदलून देते, काका. पण दुसरी प्रत मागवावी लागेल. तोवर आहे ते वाचा की."

"अर्धवट माल मी वापरत नाही," तो म्हणाला. तरी मला परत घेऊन गेला. विकत घेतलेली वस्तू टाकून देणारा तो माणूस नव्हता.

तो शाळेत फार गेलेला नव्हता. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवीत वाची. दुकानात गिऱ्हाईक नसले की मी बाहेर निघे. माझ्या बापाच्या प्रकरणात लिहिले आहे, 'बापाला लेकराची चूक दिसत नाही असे नाही. ती सगळ्यांत आधी त्यालाच दिसते. तरी तो दारातून हलत नाही.' काटेवाल्याने हे वाचले, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर. चूक आधी मलाच दिसली." पुढचे वाक्य त्याने भरभर ओलांडले.

पुढे तेच प्रकरण पुन्हा आले. दुसरा कुणी असता तर त्याने पाने उलटली असती. पण याची रीत वेगळी होती. नवा तराजू हातात आला की तो एकदा तोलून कधी सोडीत नसे. दोन्हीकडचे वजन काढून पारडी बदलायची, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, आणि पुन्हा तोलायचे. काटा तरीही मधोमध राहिला तरच तो खरा. एकदा तोलून खोटा तराजूही खरा वाटतो.

त्याने बोट पहिल्या ओळीवर ठेवले आणि सगळे पुन्हा वाचले. त्याच ओळीपाशी आला. 'बापाला लेकराची चूक दिसत नाही असे नाही.' बोट थांबले. या वेळी मान हलली नाही. समोरचे गिऱ्हाईक, "काटेवाले, आहात ना?" असे विचारीत उभे राहिले, तेव्हा तो म्हणाला, "थांबा. पारडं बदलतोय." समोर तराजू नव्हता. मीच होतो.

त्याला तिथे काय आठवले ते त्याने कुणाला सांगितले नाही. मीही सांगणार नाही. प्रत्येक बाप कधीतरी कुणाचे लेकरू असतो, एवढे पुरे.

नवी प्रत आली. बाईंनी हात पुढे केला. "घ्या काका, यात न्याय आहे. ते जुनं द्या इकडे."

तो तिथेच बाकावर बसला आणि न्यायाचे प्रकरण शेवटपर्यंत वाचले. मग उठला.

"नीट आहे. दोन्ही ठेवतो. याचेही पैसे लावा."

"अहो, पण ते खराब आहे ना?"

"खराब नाही. एका बाजूला भरून आहे."

त्या रविवारी तो पुढच्या बाकावर गेला नाही. शेवटच्या बाकाच्या कडेला, वाट अडवून बसला. मुलगा पलीकडे भिंतीशी होता. शेवटच्या प्रार्थनेआधी मुलगा उठला. बापाने गुडघे बाजूला केले नाहीत. मला मुलाच्या हातात दिले.

"बस. हे वाच."

"बाबा, मी..."

"एक प्रकरण दोनदा आहे. दोन्ही वेळा वाच. मीही वाचलंय."

मुलगा बसला. त्याच्या हातांना पोत्याच्या सुतळीचे वळ होते. त्या हातांनी त्याने मला उघडले.

प्रार्थना संपली. काटेवाला समोर बघूनच बोलला, "उद्या दुकानात ये. शिसं ओतायचंय. माझा हात आता हलतो."

मुलाने मला मिटले. मग म्हणाला, "शिसं? माझ्या हाती?"

"मग काय, तुझ्या आईच्या?"

"आणि शिक्का?"

"शिक्का मी मारीन."

एवढ्यात आई बाकांमधून वाट काढीत पोहोचली. "अहो, त्याला घरी जेवायला तरी बोलवा!"

"मी दुकानात बोलावलंय. घरी तू बोलाव."

तिने मुलाचा फाटका शर्ट धरला. तो दारापर्यंत सोडला नाही.

आता मी दुकानात वजनांच्या शेजारी उभा असतो. माझ्या पुठ्ठ्यावर शिशाचा एक थेंब पडून डाग झाला आहे. तो मला शोभतो. नवी प्रत माझ्या बाजूला आहे. ती पुरी आहे आणि तिला त्याचा थोडा ताठा आहे. मी बोलत नाही. परवा काटेवाल्याने वजन पालथे केले, पाहिले आणि शिक्का मुलाकडे सरकवला. मुलाने मारला. जरा वाकडा बसला. म्हातारा म्हणाला, "चालेल." हा शब्द त्याच्या तोंडून या दुकानाने पहिल्यांदाच ऐकला.

माझे सगळे ठीक आहे. काळजी माझ्या भावाची आहे. तोही कुणाच्यातरी घरात असेल. कुणीतरी त्याला उघडत असेल, बाप शोधत असेल आणि दोन्ही वेळा न्यायच वाचत असेल. त्याच्यात लिहिलेले खोटे नाही. पण दुसऱ्या पारड्यात घालायला त्याच्याकडे बाप नाही. तुमच्या हाती तो आला, तर त्याला फाडू नका, टाकूही नका. वाचणाऱ्याला सांगा की यातला बाप हरवलेला नाही. बांधणाऱ्यांचा अबोला होता, म्हणून तो माझ्याकडे जास्तीचा आला आहे. तो मी सांभाळून ठेवला आहे. येऊन घेऊन जा म्हणावे.