पिचकाऱ्या दारात, चहापूड पाताळात

मंठाळच्या रस्त्यावरच्या तानाजीच्या किराणा गोदामापुढे जत्रा भरली होती. आत चनमल्लप्पा महाराज लिंबू उडवत होता, बाहेर गाव तोंड वासून उभं होतं. महिनाभर दुकानदारांनी मागवलेला माल अंधार पडला तरी निघत नव्हता. आज महाराजाने भूत बांधलं आणि दुपारच्या आत गाड्या रवाना!

"नैऋत्येला पिशाच्च, वायव्येला ओढ, मधी ग्रहांचं मॅग्नेट!" महाराज गरजला. मग माल काढणाऱ्या महानंदाकडे त्याने बोट केलं. "पांढऱ्या कपाळाची बाई. भूत हिच्यासंगंच आलंय. हाकला हिला, न्हाईतर अमावास्येला मला पुन्हा यावं लागंल."

पुन्हा येणं म्हणजे पुन्हा दक्षिणा. गेल्या अमावास्येलाही हेच झालं होतं.

महानंदा रडकुंडीला आली. "मालक, लेकरं हायती मला. कुठं जाऊ?"

तानाजीची थोरली बहीण विजयश्री हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिचं लक्ष दाराशी रचलेल्या खोक्यांवर होतं.

"चहा, साबण, तेल इथं कामून?"

"पूजेसाठी आतली जागा धुतली, अक्का. आता परत आत न्यायलोय. खपणारा माल म्हंजे लक्ष्मी. दाराशी ठेवली की निघून जाती. आपल्या अप्पांचा नियमच हाय."

"अन् दाराशी काय असतंय?"

"होळीच्या पिचकाऱ्या, दिवाळीच्या पणत्या."

विजयश्रीने कपाळावर हात मारला. "ठेव लक्ष्मी आत. महाराज, मंत्र थांबवू नका. आता एका दुकानाचा माल काढा बघू."

खोकी आत गेली. महाराज घसा बसेस्तोवर ओरडला. महानंदा गोदामाच्या टोकापर्यंत खेपा घालून दमली, तरी गाडी अर्धी रिकामीच.

"भूत सुटलं!" महाराज किंचाळला.

"इतक्यात? बांधलं कशानं, सुतळीनं?"

गाव खदखदून हसलं. विजयश्रीने लिंबू गटारात टाकलं, महाराजाला गप्प बसवलं आणि पिचकाऱ्या मागे ढकलून चहा-साबण पुन्हा दाराशी आणवले. दुसऱ्या दुकानाचा तेवढाच माल दुसऱ्या गाडीत काढायला सांगितला. महाराजापुढचा चहा निवायच्या आत गाडी भरली.

"पण अक्का, लक्ष्मी..."

"दाराबाहेर गेल्याबिगर माल खपतो व्हय रे?"

तानाजीची मान खाली गेली. "महानंदाक्का, उद्या लवकर या," तो पुटपुटला. महाराज तोवर बीदरच्या बसला लोंबकळला होता.

लोकहो, काम अडलं तर बाईच्या कपाळाकडे बघू नका, कामाच्या वाटेकडे बघा. जे रोज लागतं ते हाताशी ठेवा. एवढं कळायला डोळे पुरतात. महाराज लागत नाही.